अस्वलामागे निघालेले सात पक्षी

श्रीवर्धनहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची लेक आणि जावई कॅनडात हॅलिफॅक्स शहरात राहतात, नात तिथल्या शाळेत तिसरीत शिकते. ऑक्टोबर महिन्यात व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, "नानी, तुला क्लुस्कॅप माहीत आहे?" नानीला माहीत नव्हतं. नातीने अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून काहीतरी सांगितलं. त्यात एक राक्षसाएवढा माणूस होता, बीव्हर नावाचा प्राणी होता आणि समुद्र होता. भगिनी लिहितात, "तिला आपली कोकणी समजते, पण ती बोलत नाही. हे मिकमाक लोक कोण? त्यांच्या गोष्टी तिच्याशी बोलाव्यात का, आणि कशा?"

पत्र वाचून फार बरं वाटलं. मुलांना बाहेरच्या जगाची गोष्ट शाळेतून मिळते आणि घरी कुणाला तिच्यात रस नसतो, असंच बहुतेक वेळा होतं. इथे नानी स्वतः विचारते आहे.

आधी हे लोक कोण ते पाहू. कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी नोव्हा स्कॉशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड आणि क्युबेकचा गास्पे भाग येतो. युरोपची जहाजं तिथे पोहोचण्याच्या हजारो वर्षं आधीपासून मिकमाक लोक या पट्ट्यात राहत आले आहेत. आपल्या मुलखाला ते मिकमाकी म्हणतात. समाजाचं नाव मिकमाक. एका माणसाबद्दल किंवा भाषेबद्दल बोलायचं तर मिकमाव. हॅलिफॅक्स ज्या बंदराभोवती वाढलं, त्याचं मिकमाव नाव केजिपुक्तुक, म्हणजे मोठं बंदर. नातीला एवढं एक नाव विचारून पाहा, तिच्या शाळेत ते बहुधा ऐकलं असेल. नोव्हा स्कॉशियात १ ऑक्टोबर हा करार दिन असतो आणि अख्खा ऑक्टोबर मिकमाक इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. नातीने ऑक्टोबरातच प्रश्न विचारला, त्याचं कारण हे असावं.

करार कसले? १७२५ ते १७७९ या काळात ब्रिटिशांनी मिकमाक आणि शेजारच्या समाजांशी शांतता आणि मैत्रीचे अनेक करार केले. त्यात या लोकांनी आपली जमीन कुणाला देऊन टाकलेली नाही. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच जुन्या करारांच्या आधारे मिकमाक लोकांचा मासेमारीचा हक्क मान्य केला. कोकणातल्या वाचकांना मासेमारीच्या हक्काचं मोल मी काय सांगणार!

आता क्लुस्कॅप. इंग्रजी पुस्तकांत त्याला ग्लूस्कॅप म्हणतात. तो कथांमधला महाकाय वीर आहे. लोकांना जगायचं कसं हे शिकवणारा, प्राण्यांशी बोलणारा, कधी चिडणारा, कधी स्वतःच फसणारा. नोव्हा स्कॉशिया म्हणजे त्याचं अंथरूण आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड म्हणजे त्याची उशी, असं सांगतात. नकाशा समोर ठेवून हे सांगितलं की मुलं खूश होतात, कारण ते बेट खरंच उशीसारखं आडवं पडलेलं दिसतं.

बीव्हरची गोष्ट अशी. बीव्हर हा झाडं कुरतडून, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. त्या काळी बीव्हरही महाकाय होता. त्याने मिनास नावाच्या उपसागराच्या तोंडाशी बांध घातला, पाणी तुंबलं आणि क्लुस्कॅपची औषधी वनस्पतींची बाग बुडाली. क्लुस्कॅपने बांध फोडला आणि पळणाऱ्या बीव्हरच्या दिशेने मोठमोठी ढेकळं भिरकावली. नेम चुकला. ती ढेकळं समुद्रात पडली, त्यांची पाच बेटं झाली. ती बेटं आजही तिथे आहेत आणि त्यांचं नावच पाच बेटं असं आहे. फुटलेल्या बांधातून पाणी जे आत-बाहेर करू लागलं ते अजून थांबलेलं नाही. त्या भागाला फंडीचा उपसागर म्हणतात आणि जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी तिथेच होते. बर्न्टकोट हेड या जागी भरती आणि ओहोटीच्या पातळीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो. मुंबईत साडेचार मीटरची भरती असली की महापालिका किनाऱ्यावर जाऊ नका म्हणून सांगते, त्यावरून अंदाज करा. पाच मजली इमारतीएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. असा समुद्र रोज डोळ्यांसमोर असलेल्या लोकांनी त्याची गोष्ट रचली नसती तरच नवल.

काही घरांत एक प्रश्न येईल, तो टाळण्यात अर्थ नाही. अशा कथांनी मुलांच्या अकीद्यात गोंधळ होईल का? माझ्या मते सांगणाऱ्याने एक वाक्य नीट सांगितलं तर होत नाही. "मिकमाक लोक असं सांगतात" हे ते वाक्य. त्यांच्या उत्पत्तीकथेत निर्माता वेगळा आहे आणि क्लुस्कॅप हा घडवला गेलेला आहे. त्याची पूजा करा असं ही कथा सांगत नाही. शिवाय आजचे बहुतेक मिकमाक ख्रिस्ती आहेत. मेम्बर्टू या त्यांच्या प्रमुखाने १६१० साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून कॅथलिक पंथाशी त्यांचं नातं आहे, आणि तरीही या कथा त्यांनी सोडल्या नाहीत. किस्सा आणि इमान यांतला फरक मुलांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतो.

पण मला नानीला सुचवायची आहे ती गोष्ट क्लुस्कॅपची नाही. ती आकाशातली आहे, आणि ती निवडण्याचं कारण असं की श्रीवर्धनच्या अंगणातून आणि हॅलिफॅक्सच्या खिडकीतून तेच तारे दिसतात.

आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यांतल्या चौकोनाचे चार तारे म्हणजे मिकमाक लोकांची मुइन, अस्वलीण. मागे शेपटासारखे दिसणारे तीन तारे आणि त्यांच्याही मागचे स्वाती ताऱ्याच्या आसपासचे चार असे एकूण सात शिकारी, आणि सातही पक्षी. वसंतात मुइन लांबलचक झोपेतून उठते आणि गुहेतून बाहेर येते. गुहा म्हणजे उत्तर मुकुट नावाचा ताऱ्यांचा अर्धगोल. सगळ्यांत आधी तिला पाहतो तो चिमुकला चिकडी पक्षी. पण तो एवढासा, एकट्याने काय करणार? तो बाकीच्यांना हाका मारतो. रॉबिन येतो, करडा जे येतो, मग पारवा, निळा जे आणि दोन घुबडं. चिकडी लहान असल्यामुळे त्याला इतरांच्या मध्ये ठेवतात, हरवू नये म्हणून. मांस शिजवायचं भांडं त्याच्याकडेच असतं.

उन्हाळाभर पाठलाग चालतो. मुइन उत्तरेच्या क्षितिजावरून धावते आहे आणि मागे सात पक्षी. उन्हाळा सरत येतो तशी आधी जड पंखांची घुबडं मागे पडतात, मग निळा जे आणि पारवा वाट चुकतात. उरतात तिघे. शरद ऋतूत मुइन वळते, मागच्या दोन पायांवर उभी राहते. रॉबिन बाण सोडतो. भुकेने कासावीस झालेला तो तिच्यावर झेप घेतो आणि रक्ताने माखतो. मग आकाशातल्या मेपलच्या झाडावर बसून अंग झटकतो. सगळं रक्त उडून जातं, फक्त छातीवरचा एक डाग राहतो. चिकडी म्हणतो, हा डाग आता तुझ्या छातीवर कायमचा. उडालेलं रक्त खाली पृथ्वीवरच्या झाडांवर पडतं आणि पानं लाल होतात, मेपलची सगळ्यांत जास्त.

रॉबिन आणि चिकडी मांस कापतात, शिजवतात. भांडं उतरवायच्या वेळेला करडा जे हजर होतो. हा पक्षी मुद्दामच मागे रेंगाळला होता. शिकारीचे कष्ट इतरांनी करावेत, आपण जेवणाच्या वेळी पोहोचावं, अशी त्याची रीत. आपल्यालाही असे पाहुणे माहीत आहेत! पण त्याला कुणी हाकलत नाही. त्यालाही वाटा मिळतो, कारण अन्न असेल तर ते वाटायचं ही त्या समाजाची रीत होती. बकरी ईदला गोश्तचे तीन वाटे होताना पाहिलेल्या मुलांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. कॅनडाच्या जंगलात हा करडा जे आजही शिकाऱ्यांच्या आणि तंबू ठोकणाऱ्यांच्या मागे मागे फिरतो आणि हातातला घास पळवतो.

गोष्ट इथे संपत नाही. हिवाळाभर मुइनचा सांगाडा आकाशात उताणा पडलेला दिसतो, पण तिचा प्राण दुसऱ्या अस्वलात जातो आणि ते अस्वल गुहेत झोपलेलं असतं. वसंत आला की ते बाहेर येतं. पुन्हा चिकडी पाहतो, पुन्हा हाक मारतो.

यातला प्रत्येक तपशील आकाशाशी ताडून पाहता येतो. नोव्हा स्कॉशिया इतक्या उत्तरेला आहे की सप्तर्षींचे सातही तारे तिथे कधीच मावळत नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहतात. म्हणून मुइन आणि तीन पक्षी कायम दिसतात. मागचे चार तारे मात्र शरदाच्या संध्याकाळी क्षितिजाखाली जातात, म्हणून ते पक्षी 'वाट चुकतात'. ही गोष्ट म्हणजे त्यांचं कॅलेंडर आहे. आपल्याकडे सप्तर्षी पूर्ण मावळतात, त्यामुळे महाराष्ट्रात ही गोष्ट सुचलीच नसती.

त्या सात पक्ष्यांमधला पारवा, म्हणजे प्रवासी पारवा, आता पृथ्वीवर उरलेला नाही. एकेकाळी त्याचे थवे सूर्य झाकून टाकत. माणसाने इतकी शिकार केली की शेवटचा पक्षी १९१४ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आता तो आकाशातच राहिला आहे.

आणि एक गंमत. ग्रीकांनीही या ताऱ्यांत अस्वल पाहिलं, पण त्यांनी मागच्या तीन ताऱ्यांना अस्वलाचं शेपूट केलं. एवढं लांब शेपूट कुठल्या अस्वलाला असतं? मिकमाक लोकांना अस्वल रोजच्या ओळखीचं, त्यांनी अशी चूक केली नाही. जुन्या अरबांनी तर अस्वल न पाहता जनाजा पाहिला. चार तारे म्हणजे जनाजा आणि मागून चाललेले तीन म्हणजे शोक करणाऱ्या मुली. नाव 'बनात नअश'. उर्दूतही नअश म्हणजे मृतदेह. चौघांच्या मागे तिघे चालले आहेत हे अरबांनाही दिसलं आणि मिकमाक लोकांनाही, आणि दोघांमध्ये अख्खा महासागर. पुढे ग्रीक पुस्तकं अरबीत आली आणि अस्वलही आलं. आज सगळ्या जगात या ताऱ्यांची नावं अरबीतूनच चालतात. दुभे हा तारा 'दुब्ब'वरून, म्हणजे अस्वलावरून. शेवटचा अल्काइद म्हणजे पुढारी. चिकडीचं भांडं म्हणजे आपली अरुंधती. तिला अरब सुहा म्हणत आणि ती दिसते का यावरून नजर तपासत. एवढं सगळं एका तिसरीतल्या मुलीला एका बैठकीत सांगू नका, दमून जाईल. पण तिच्या घरातल्या नमाजाची अरबी आणि शाळेतल्या गोष्टीतलं अस्वल एकाच ताऱ्यावर भेटतात, हे तिला आवडेल.

ही गोष्ट मिकमाव ज्येष्ठ स्त्रिया लिलियन मार्शल आणि मर्डीना मार्शल यांच्या तोंडून २०१० साली चित्रपुस्तकाच्या रूपात आली. मुलांसाठी घ्यायचं तर असं, त्या समाजाच्या माणसांनी सांगितलेलं पुस्तक घ्यावं, असं मी आग्रहाने म्हणेन. एकोणिसाव्या शतकात सायलस रँड नावाच्या मिशनऱ्याने मिकमाक लोकांकडून ऐकून ८७ कथा लिहून ठेवल्या, त्या त्याच्या मृत्यूनंतर १८९४ साली छापल्या गेल्या. त्याचे उपकार आहेतच. पण त्यानंतर या कथा हातोहात फिरल्या, बदलल्या, आणि कित्येक गोष्टींवरून मिकमाक हे नावही गळून पडलं.

त्यांतली एक फार प्रसिद्ध आहे. तीन बहिणी, आई नाही. थोरली धाकटीला निखाऱ्यांनी भाजते आणि बापाला सांगते, ही आगीत पडली. गावाच्या टोकाला तळ्याकाठी एक अदृश्य शिकारी आपल्या बहिणीसोबत राहतो. जिला तो दिसेल तिच्याशी तो लग्न करणार. मुली नटून येतात, म्हणतात, हो, दिसला. शिकाऱ्याची बहीण शांतपणे विचारते, त्याच्या खांद्यावरचा पट्टा कशाचा आहे? चामड्याचा, असं काहीतरी ठोकून देतात. मग भाजलेल्या चेहऱ्याची धाकटी येते. भूर्ज झाडाच्या सालीचा झगा, बापाचे जुने जोडे. लोक हसतात. ती म्हणते, "दिसतो आहे, आणि केवढा सुंदर! त्याचा पट्टा इंद्रधनुष्याचा आहे." आणि त्याच्या धनुष्याची दोरी? "आकाशगंगेची." शिकाऱ्याची बहीण तिला अंघोळ घालते आणि व्रण नाहीसे होतात.

शेवटचा भाग मला स्वतःला खटकतो. व्रण राहिले असते तर काय बिघडलं असतं? मुलींना हे विचारून पाहा. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

आता ज्या भागाकडे मी येत होते तो. या कथा आजीकडून नातवंडांकडे, मिकमाव भाषेत जात. १९३० साली नोव्हा स्कॉशियात शुबेनाकेडी इथे सरकारी पैशावर चर्चने चालवलेली निवासी शाळा सुरू झाली. ती १९६७पर्यंत चालली. मुलांना घरापासून तोडून तिथे ठेवत, आणि आपल्या भाषेत बोललं की शिक्षा होई. अनेक मुलं घरी परतली तेव्हा आजीशी बोलायला त्यांच्याकडे भाषाच उरली नव्हती. रीटा जो ही मुलगी बाराव्या वर्षी तिथे गेली. पुढे ती मिकमाक लोकांची मोठी कवयित्री झाली. तिची सर्वांत गाजलेली कविता या हिरावून घेतलेल्या बोलीवरच आहे. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी अशा शाळांबद्दल संसदेत माफी मागितली, आणि २०२१पासून ३० सप्टेंबर हा दिवस त्या मुलांच्या आठवणीत पाळला जातो.

मिकमाव आज काही हजार लोक बोलतात. २०२२ साली नोव्हा स्कॉशियाने कायदा करून ती प्रांताची पहिली भाषा मानली. केप ब्रेटन बेटावर एस्कासोनी ही मिकमाक लोकांची सर्वांत मोठी वस्ती आहे, तिथे लहान मुलांचे वर्ग मिकमावमध्ये चालतात. २०१९ साली तिथल्या शाळेतल्या एका मुलीने बीटल्सचं एक गाणं मिकमावमध्ये गायलं आणि ते जगभर ऐकलं गेलं. नातीसोबत ते नक्की ऐका. कथेतल्या लोकांची मुलं आज तिच्यासारखीच दप्तर घेऊन शाळेत जातात, हे तिला कुणी सांगण्याआधीच कळेल.

म्हणूनच पिसांचा मुकुट आणि धनुष्यबाण घालून फॅन्सी ड्रेस, हे कृपा करून नको. तो मोठा पिसांचा मुकुट मुळात मिकमाक लोकांचा नाहीच, तो दूरच्या मैदानी प्रदेशातल्या समाजांचा. मिकमाक स्त्रियांची ओळख म्हणजे मण्यांनी मढवलेली टोकदार टोपी. साळिंदराचे रंगवलेले काटे भूर्जाच्या सालीवर गुंफून केलेल्या पेट्या, ॲशच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या, मध्ये काठ उंच असलेली सालीची होडी, ही त्यांची कारागिरी. गाडीच्या आरशाला टांगलेलं ड्रीमकॅचरही त्यांचं नाही, ते ओजिब्वे लोकांचं. आणि कॅरिबू हा शब्द मात्र त्यांचा. त्या सांबरासारख्या प्राण्याचं मिकमाव नाव बर्फ उकरणारा अशा अर्थाचं आहे, कारण तो खुराने बर्फ उकरून खालचं खातो.

नानीला माझं सुचवणं असं. आधी नातीलाच गोष्ट सांगू द्या, तिला येईल त्या भाषेत. मग दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तुम्ही तिला कोकणीत परत सांगा. गोष्ट तिच्या ओळखीची असल्यामुळे शब्द अडणार नाहीत. चुकीचं सांगितलंत तर ती मध्येच थांबवेल, आणि थांबवताना एखादा कोकणी शब्द वापरेल. वापरला नाही तरी रागावू नका. "वेलालिन" हा मिकमाव शब्द तिच्याकडून शिकून घ्या. त्याचा अर्थ शुक्रिया.

डिसेंबरात फजरच्या आधी अंगणात या. उत्तर-ईशान्येला वर चौकोन दिसेल, त्याची मागची तीन ताऱ्यांची ओळ खाली पूर्वेकडे वळलेली. त्या ओळीचा बाक पुढे नेला की पूर्वेला नारिंगी स्वाती, मागे पडलेलं घुबड. तीनपैकी मधल्या ताऱ्याशी चिकटून एक बारीक ठिपका असतो. तो दिसला तर नातीला कळवा, तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असेल आणि अस्वल उत्तरेला क्षितिजाजवळ खाली उतरलेलं.